शेवटपर्यंत ऐकून घेईन

ही गोष्ट खरी आहे.

मी कुणाला शपथा घालणार नाही. पटली तर पटली, नाहीतर पान उलटा. मला स्वतःला भुताखेतांच्या गोष्टींचा कंटाळा आहे. अमावास्या आणि पिंपळ ऐकून ऐकून कान किटलेत. पण ही ज्या बाईबरोबर घडली ती माझी सख्खी मावसबहीण आहे. तिला साधा आजारपणाचा बहाणा करून रजा घेता येत नाही. ती असलं काही रचून सांगेल हे मला पटत नाही.

तिचं नाव सुषमा. गाव न्हावरे, तालुका शिरूर. साल २००३, मे महिना.

आणि एक सांगतो. यात मध्यरात्र नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं. कांदा चाळीत भरायचे दिवस होते, अंगणात बायामाणसांचा राबता होता... तरीही घडलं.

आधी सुषमाची नोकरी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आफ्रिकेतल्या एका देशात लढाई थांबवायला शांतिसेना गेली होती. देशाचं नाव मुद्दाम घेत नाही. अशा ठिकाणी नुसते सैनिक जात नाहीत. ड्रायव्हर, मेकॅनिक, कारकून, स्वयंपाकी अशी साधी माणसंही ढीगभर लागतात. रोज मरण जवळून बघितलं की त्यांच्या मनावर ताण येतो. कुणाची झोप जाते, कुणाचे हात थरथरतात, कुणी बोलायचंच बंद होतं. अशा माणसाला समोर बसवून त्याचं ऐकून घ्यायचं आणि त्याला सावरायचं, हे सुषमाचं काम. समुपदेशक. पुण्यात मानसशास्त्र शिकली आणि थेट तिकडे गेली.

गावाला हे काम काही पटलं नव्हतं. तिचे वडील भैरूआबा पारावर बसून सांगायचे, "नुसतं ऐकायचा पगार देत्यात म्हनं. आरं, माझ्या मेंढरांनी जलमभर माझंच ऐकलं. त्यान्ला कुनी एक पेंढी जास्त टाकली न्हाई."

आबांनी तरुणपणी मेंढरं घेऊन कोकण पालथं घातलेलं. आता शेती करून स्थिरावलेले. लेकीवर जीव होता, पण चेष्टा सोडायचे नाहीत.

तिकडे छावणीत सुषमाला लोखंडी पेटीसारखी एक खोली दिलेली होती. दोन खुर्च्या, एक पंखा. काम साधं वाटतं, पण त्याला पथ्यं फार. मध्ये बोलायचं नाही. समोरच्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. तो गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं. आणि खोलीतलं खोलीबाहेर न्यायचं नाही.

त्या खोलीत एक दिवस दौंडचा माणूस आला.

खंडू. घर फुलं पिकवणाऱ्यांचं, वडील सोपानराव भीमेकाठी शेवंती आणि झेंडू लावायचे. खंडूचा जीव मात्र मोटारीत. कंत्राटावर ड्रायव्हर म्हणून तिकडे गेलेला. त्याच्याच ट्रकवर दुसरा ड्रायव्हर होता बाळासो, शिरूरचा. पूर्वी सणसवाडीच्या कारखान्यांचा माल वाहायचा. दोघं मिळून एक गाडी चालवायचे, आळीपाळीनं.

खंडू खुर्चीत बसायचा आणि दर वेळी तेच सांगायचा.

"पाऊस लई व्हता, मॅडम. लाल चिखल. आमी एका ओढ्यापाशी थांबलो. बाळासो माझ्या शेजारी व्हता. आन् मग..."

मग तो थांबायचा. 

सुषमा गप्प राहायची. तिच्या पथ्याप्रमाणे.

"बाकीचं पुढल्या येळंला सांगतो," म्हणून तो उठायचा.

पुढली वेळ आली की पुन्हा ओढ्यापाशीच येऊन थांबायचा. त्याच्यापुढे तो कधी गेला नाही. तेवढ्यात सुट्ट्या लागल्या. सुषमा न्हावऱ्याला आली, ते दोघंही आपापल्या घरी आले. आणि आठवडाभरात खंडूला ताप भरला. तिकडचा मलेरिया अंगातून आला होता, तो डोक्यात गेला. पुण्याला नेईपर्यंत शुद्ध हरपली होती.

खंडू गेला. ओढ्याच्या पुढचं न सांगता.

दहाव्याला मीच सुषमाला मोटारसायकलवर बसवून दौंडला नेलं. भीमेच्या घाटावर सगळे जमले होते. पिंड मांडून झाले, गुरुजी बाजूला झाले, माणसं मागे सरली. जवळच्या बाभळीवर कावळे होते.

एकही हलेना.

कावळा शिवत नाही म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. गेलेल्याचं काहीतरी अडलेलं असतं. मग एकेकानं पुढे व्हायचं, त्याला हाक मारायची आणि शब्द द्यायचा.

सोपानराव पुढे झाले. "खंडू, मळा इकनार न्हाई. तुज्या लेकीच्या नावावर करीन."

कावळे बसून राहिले.

त्याची बायको ज्ञानेश्वरी पुढे झाली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "प्रगतीचं बाबा, पोरीला शिकवीन. जेवढं शिकंल तेवढं."

काही नाही...

मग कुणीतरी बाळासोला पुढे ढकललं. शेवटपर्यंत बरोबरीनं काम केलेला सोबती म्हणून. तो आला, पण मान वर करेना. "खंडू... मी हाय," एवढंच म्हणाला.

बाभळीवरचे कावळे उडाले आणि आणखी लांबच्या झाडावर जाऊन बसले.

सुषमानं ते बघितलं. बाळासोचा चेहराही बघितला. तिथूनच तिच्या मनात त्याच्याविषयी संशय बसला.

ऊन चढलं. गुरुजींनी दर्भ हातात घेतले, दर्भाचा कावळा करून उरकायचं म्हणाले. सिंधूबाई, म्हणजे खंडूची आई, मटकन खाली बसली. तेव्हा सुषमा पुढे झाली. खंडूचं काय अडलंय हे तिथे तिला एकटीलाच माहीत होतं. आणि ते चारचौघांत बोलायची सोय नव्हती. समुपदेशकाला आपल्याकडे आलेल्या माणसाचं नाव बाहेर घेता येत नाही, रस्त्यात भेटला तरी आपण होऊन ओळख द्यायची नाही. इतक्या वर्षांची सवय, ती जिभेला लागलेली. तिनं हात जोडले आणि हळूच म्हणाली,

"जे सांगायचं राहिलंय, ते मी सगळं ऐकून घेईन. शेवटपर्यंत."

झाडावरचे कावळे जागचे हलले नाहीत.

पण नदीच्या वाळूकडून एक कावळा आला... एकटाच. उडत नाही, चालत. माणसांच्या पायांजवळून, जराही न बिचकता. त्यानं पिंडाला चोच लावली.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सिंधूबाई रडायला लागली. मी मात्र त्या कावळ्याकडे बघत होतो. त्याच्या छातीवर पांढराशुभ्र पट्टा होता, बंडी घातल्यासारखा.

"भात लागला असंल," सोपानराव म्हणाले.

मी मान डोलावली. बाळासोनंही तो कावळा बघितला. आणि पुढचं काही न बोलता, जेवायलाही न थांबता, तो गाडीला किक मारून निघून गेला.

दोन-चार दिवसांनी न्हावऱ्याला सुरू झालं.

सुषमाचं घर मळ्यात. पुढच्या खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कॉट. अंगणापलीकडे कांद्याची चाळ. दुपारी बाया कांदा निवडायला बसायच्या आणि त्यांची तोंडं हातांपेक्षा जोरात चालायची. सुषमा कॉटवर पडून वाचत होती.

बायांचा आवाज थांबला.

कमी झाला असं नाही. थांबला... कोंबड्यांचा, पंख्याचा, सगळाच.

आणि समोरची रिकामी खुर्ची करकरली. कुणी दमून येऊन बसल्यावर करकरते तशी.

सुषमा उठून बसली. खुर्चीत कुणी नव्हतं. पण खोलीत वास आला. ओल्या मातीचा आणि डिझेलचा. मे महिन्यात, जिथे विहिरीनं तळ गाठलेला, तिथे ओली माती कुठून येणार?

दुसरी कुणी असती तर किंचाळत बाहेर पळाली असती. सुषमाला वाटलं, आपण शब्द दिला होता, तो आलाय. तिला भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं.

"खंडू," ती म्हणाली. "ओढ्यापाशी थांबला होतास. सांग पुढे."

उत्तर आलं नाही.

बऱ्याच वेळानं खुर्ची पुन्हा करकरली आणि बायांचा आवाज एकदम आत घुसला. सुषमानं खाली बघितलं. खुर्चीपुढे फरशीवर चिखलाचे दोन डाग होते.

लाल.

आमच्या न्हावऱ्याची माती काळी आहे हो. ओली करा, वाळवा, काहीही करा, ती लाल व्हायची नाही.

सुषमाची आई, गिताबाई, झाडायला आली आणि करवादली. "कुनाच्या पायतानाचा ह्यो चिखल? घर हाय का गोठा?"

इथे सुषमाचं डोकं दुसरीकडे चालायला लागलं. शिकलेल्या माणसाचं चालतंच. तिकडच्या मातीचे बूट गावात कुणाकडे असतील? बाळासोकडे. खंडू मेल्यानं कुणाचा फायदा झाला? ओढ्यापाशी काय घडलं हे आता कोण एकटा जाणतो? आणि मॅडमला भुताची भीती घालून गप्प बसवायची तर ती कोण घालेल? तिला वाटलं, हा माणूस आपल्या घराच्या मागून येतोय. तिनं मागचं दार कुलूप लावून बंद केलं.

दुसऱ्या दुपारी कुलूप तसंच होतं. डाग मात्र पुन्हा पडले...

त्याच आठवड्यात बाळासो स्वतः मळ्यात आला. उघडपणे, मोटारसायकलवरून. चहा घेईना, पाणी घेईना.

"मॅडम, एक इचारायचं व्हतं. खंडूनं तुमाला काय सांगितलं?"

"ते मला सांगता येत नाही, बाळासो. तुम्हाला माहिताय."

"माजं नाव घेतलं व्हतं का?"

"हे पण सांगता येत नाही."

 सुषमा त्याच्या पायांकडे बघत होती. तेच तिकडचे जाड तळव्याचे बूट होते. पण कोरडे. आणि फटीत अडकलेली माती काळी.

"तुमी घाटावर कुनाला शब्द दिला, मॅडम?" त्यानं अचानक विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं," असं म्हणून तो निघाला. जाताना त्यानं पुढच्या खोलीकडे एकदा बघितलं आणि वाकडी वाट करून, अंगणाच्या कडेकडेनं गेला. सुषमाचा संशय आणखी घट्ट झाला.

खरी गोष्ट तिथून पुढे बिघडली.

एका दुपारी ती अशीच खुर्चीसमोर बसली होती. आई दारात येऊन काहीतरी बोलली. आईचे ओठ हलताना दिसले. आवाज नाही... आईनं परत सांगितलं, हातवारे केले. सुषमाला एक अक्षर ऐकू आलं नाही. आई घाबरून जवळ आली, दंडाला धरून हलवलं, तेव्हा कुठे आवाज सुटला.

मग हे वाढत गेलं. आधी खोलीत, मग अंगणात, मग एस्.टी.त. समोर कुणी मनातलं बोलायला लागलं की त्याचा आवाज विझायचा. इकडचं तिकडचं बोलणं ऐकू यायचं, भाव काय, बस कधी, हे सगळं यायचं. पण चाळीतली विठाबाई नवऱ्याच्या दारूचं सांगत रडायला लागली आणि सुषमाला तिचे नुसते ओठ हलताना दिसले. शिरूरला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कान ठणठणीत आहेत, म्हणाले.

सुषमा त्या रात्री जेवली नाही. जूनमध्ये तिला परत जायचं होतं. तिकडे माणसं तिची वाट बघत होती, एका स्वयंपाक्यानं तर तिच्या भरवशावर गळफास घ्यायचा विचार सोडून दिला होता. आणि हिला दुसऱ्याचं दुःखच ऐकू येईना. ऐकणं गेलं तर माझ्याकडे राहतं काय, असं ती मला म्हणाली. तिला मी एवढं घाबरलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"मग ऐक की त्याचं. सांग म्हणावं एकदा काय ते," मी म्हणालो.

"तो बोलतच नाही रे. मी खंडू, खंडू म्हणते. तो नुसता बसून राहतो."

शेवटी ती दौंडला गेली. वाटलं, खंडूच्या घरच्यांना स्वप्न पडत असतील, काही कळेल. मीच नेलं. सिंधूबाई फुलांचे हार गुंफत ओटीवर बसली होती. सुषमानं आडून आडून विचारलं. खंडू दिसतो का, काही मागतो का?

सिंधूबाई चक्क हसली.

"न्हाई गं बाई. त्यो सुटला. तेराव्याच्या पहाटं दिसला मला, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. म्हनला, आये, जातो. त्याच्या बापाला बी तसंच दिसलं. माझा खंडू कुठं अडकला न्हाई."



सिंधूबाईनं सुईत दोरा ओवला. मग मान वर न करता म्हणाली, "मला घाटावरच इचारायचं व्हतं. तुमी त्याचं नाव का न्हाई घेतलं? म्या तुमच्या पाठीलाच हुबी व्हते. आमी सगळ्यांनी नाव घेतलं, तुमी न्हाई. मनात म्हनलं, ही बाई कुनासाठी बोलली?"

आम्ही परत निघालो. न्हावऱ्याच्या अलीकडे तिनं मला गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला उतरली.

"तो कावळा," ती म्हणाली. "पांढऱ्या छातीचा. तसे कावळे आपल्याकडे नसतात."

"मग?"

"तिकडे असतात. छावणीच्या कचऱ्यावर रोज यायचे."

म्हणजे तिचा शब्द ऐकून आला तो खंडू नव्हता.

बाळासोला तिनं शिरूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात गाठलं. या वेळी तिनं आडून विचारलं नाही.

"ओढ्यापाशी तुमच्याबरोबर तिसरं कोण होतं?"

बाळासोच्या हातातली बशी कलंडली. चहा टेबलावर पसरला, त्यानं पुसला नाही.

मग त्यानं सांगितलं. सुषमानं कान टवकारून ऐकलं. हे मात्र तिला सगळं ऐकू आलं, जणू हे ऐकायची मुभा होती.

तिसरा माणूस म्हणजे त्यांचा दुभाषा. तिथलाच पोरगा, पूर्वी शाळेत शिकवायचा, म्हणून हे दोघं त्याला मास्तर म्हणायचे. ओढ्याला पाणी चढलं होतं. पलीकडून बंदूकवाले आले. आम्ही लढणारे नव्हे, धान्य नेतोय, हे त्यांना सांगायला मास्तर खाली उतरला. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून तो त्यांच्याशी बोलत होता. तेवढ्यात कुठूनतरी गोळी सुटली. आणि ट्रक मागे फिरला.

"तो मागं पळत आला, मॅडम. गाडीच्या मागल्या फळीला हात बी लागला व्हता त्याचा. आन् गाडी निघाली."

"छावणीत काय सांगितलंत?"

"मास्तर आज कामावर आलाच न्हाई."

सुषमाला तो दिवस आठवला. एक म्हातारी फाटकाशी येऊन काहीतरी विचारत होती. तिची भाषा कुणाला कळली नव्हती. ज्याला कळली असती, तोच नव्हता.

"गाडी कोण चालवत होतं?" सुषमानं विचारलं.

बाळासोनं लगेच उत्तर दिलं. जरा जास्तच लगेच.

"खंडू."

मेलेला माणूस काय नाही म्हणणार?

"उद्या दुपारी मळ्यात या," सुषमा म्हणाली. "ड्रायव्हर लोकांना तिकडची बाजारातली भाषा येते. मला येत नाही."

तो येणार नाही असंच मला वाटलं होतं. आला. तोंड उतरलेलं, डोळे सुजलेले. सुषमानं स्वयंपाकघरातून तिसरी खुर्ची आणून ठेवली. मी दारात उभा राहिलो. भैरूआबा अंगणात घोंगडीवर बसून होते, त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण त्यांचा कुत्रा उठला आणि शेपूट घालून उसात शिरला, तेव्हा आबांनी डोळे किलकिले करून आमच्या दाराकडे बघितलं.

बायांचा आवाज थांबला...

मलाही काही ऐकू येईना. मी हे स्वतः अनुभवलंय, म्हणून ठामपणे सांगतो. कापूस कोंबल्यासारखं होत नाही. जगच बंद पडल्यासारखं होतं.

खुर्ची करकरली.

सुषमा सरळ बसली. या वेळी तिनं खंडूचं नाव घेतलं नाही.

"मास्तर," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

आणि आवाज आला.

एका तरुण माणसाचा. हळू, समजावणीचा, वर्गात बोलावं तसा. रागाचा लवलेश नाही. एक शब्द मला कळला नाही, तिलाही नाही. तो बोलत राहिला, बोलत राहिला. बाळासोचा चेहरा पांढरा पडत गेला. मग त्यानं खुर्चीचे हात दाबून धरले आणि उठला.

"काय म्हणतोय तो?" सुषमानं विचारलं.

"लई न्हाई कळलं, मॅडम."

"जे कळलं ते सांगा."

"त्यो म्हनतोय... बरं झालं कुनीतरी बसलं ऐकायला. म्हनतोय, जलमापास्नं सांगतो. आईपास्नं."

एवढं बोलून बाळासो दारातून मला धक्का देऊन बाहेर पडला.

सुषमा तिथेच बसून राहिली. मी तिला खुणावलं, चल म्हणून. तिनं नाही म्हणून मान हलवली. शब्द शेवटपर्यंतचा होता.

याला आता सहा वर्षं होत आली.

सुषमा परत गेली नाही. आधी सुट्टी वाढवली, मग राजीनामा पाठवला. तिकडच्या ओळखीच्या लोकांना लिहून त्या भाषेची पुस्तकं मागवली, शब्दकोश मागवला. आई म्हणायची पोरीला बाहेरचं झालंय, देवऋषी बघा. आबा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. कामच करतीया ती तिचं." चेष्टा त्यांनी त्या दिवसापासून सोडली.

रोज दुपारी ती पुढच्या खोलीत बसते. पहिलं वर्षभर नुसता आवाज कानावर पडायचा. मग शब्द सुटे व्हायला लागले. मग वाक्यं. बाकीच्या वेळी तिला सगळं ऐकू येतं, गावातल्या बाया तिच्याकडे येऊन रडतात, त्यांचंही येतं. दुपार मात्र त्याची.

आणि बाळासो. तो तिकडच्या नोकरीवरून सुट्टीला आला की दर दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन यायचा. आईशी बोलायचा, आबांच्या पाया पडायचा. निघताना सुषमाजवळ येऊन एकच विचारायचा.

"कुठवर आला, मॅडम?"

"अजून लहान आहे. बकऱ्या राखतोय."

पुढच्या दिवाळीला, "शाळेत गेलाय. चौथीत आहे."

त्याच्या पुढच्या, "शाळेत शिकवायला लागला. वर्गात बाकं नाहीत म्हणतो."

बाळासो हसायचा, पुडा ठेवायचा, निघून जायचा. एकदा मी सुषमाला म्हणालो, हा माणूस दर वर्षी इथे सुटका मागायला येतो की खबर काढायला? ती म्हणाली, तिलाही ते ओळखता येत नाही, आणि माणसं ओळखायचं तर तिचं शिक्षण.

या मार्चमध्ये मी न्हावऱ्याला गेलो होतो. सुषमा बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर आठी होती.

"मास्तर शांतिसेनेत नोकरीला लागला," ती म्हणाली. "दुभाषा म्हणून. आपण पेढे वाटतो तसं त्याच्या घरच्यांनी काहीतरी गोड वाटलं. आई फार खूश झाली, असं सांगत होता."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"परवा त्यानं ट्रकवरच्या दोघांची नावं घेतली. चांगले आहेत म्हणाला. त्याला मराठी शिव्या शिकवल्यात त्यांनी."

"सुषमा, गाडी कोण चालवत होतं ते आता कळेल."

"हो."

"आणि कळल्यावर?"

तिनं आतल्या खुर्च्यांकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "सगळं बोलून झालं की माणूस समोरच्याला विचारतो, मग आता तुम्ही काय करणार? प्रत्येक जण विचारतो. मी शब्द दिला तो फक्त ऐकायचा. हे त्याला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही."

बाळासोनं नोकरी सोडलीय. दिवाळी नाही, सण नाही, तरी तो एप्रिलपासून रोज मळ्यात येतो. आत जात नाही. दाराबाहेर ओट्यावर उन्हात बसतो. सुषमा बाहेर आली की तिच्या तोंडाकडे बघतो आणि आता काही विचारत नाही. आबा त्याला पाणी देतात. तो तांब्या हातात धरून ठेवतो, पीत नाही.

काल संध्याकाळी सुषमाचा फोन आला. आवाज दबका होता.

"पाऊस लागलाय," ती म्हणाली.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. मे महिना, कोरडं आभाळ.

"इथे नाही रे. त्याच्या सांगण्यात."

हे मी आज सकाळी लिहितोय. मघाशी न्हावऱ्याला फोन लावला होता. आबांनी उचलला. बाळासो पहाटेच आलाय म्हणाले. या वेळी ओट्यावर बसला नाही. त्यानं चपला काढल्या, आत गेला आणि तिसऱ्या खुर्चीत बसून राहिलाय.

दुपार व्हायला अजून वेळ आहे...